पेनल्टीवर जिंकून एकच गुण
युरोपियन बीच सॉकर (वाळूवरचा फुटबॉल) लीगमध्ये पेनल्टीवर जिंकलेल्या संघाला एकच गुण देणं अन्यायाचं आहे, असं इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. मला पटत नाही. या खेळात बरोबरी नसतेच. बारा-बारा मिनिटांच्या तीन सत्रांत जिंकलं तर 3 गुण, जादा वेळेतल्या तीन मिनिटांत जिंकलं तर 2, तरीही बरोबरी राहून पेनल्टीवर जिंकलं तर 1. उन्हाळाभर वेगवेगळ्या किनाऱ्यांवर एकेक टप्पा होतो आणि प्रत्येक टप्प्यात सामने मोजकेच, म्हणजे पूर्ण 3 गुण मोलाचे; त्यामुळे शेवटच्या मिनिटालाही कुणी वेळ काढत बसत नाही. मला तर हाच नियम सगळ्यात आवडतो.

चर्चेत फ्री किकचा (फाउलनंतर मिळणाऱ्या किकचा) विषय आलाच नाही. इथे चेंडू अडवायला खेळाडूंची भिंत उभी करता येत नाही, आणि ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच किक मारायची (तो जखमी असेल तरच दुसरा). खेळाडू अनवाणी पायाने वाळूचा छोटा ढीग रचतो, वर अलगद चेंडू ठेवतो, चार पावलं मागे जातो. समोर फक्त गोलरक्षक. ते काही क्षण श्वास रोखून बघावेत असे असतात. फाउल कुणावरही होऊ शकतो, म्हणून इथे प्रत्येक खेळाडूला, अगदी बचावपटूलाही, लांबून नेमका फटका मारता यावाच लागतो.