तिने सांगितलं होतं, कागदावर

नवऱ्याच्या जाचात असलेली बाई बेपत्ता झाली की लोक विचारतात, "एवढा त्रास होता तर तिने कधी कुणाला सांगितलं का नाही?" हा प्रश्न मला पटत नाही. सांगण्याची जागा वेगळी असू शकते. अमेरिकेच्या युटामधून सुझन पॉवेल डिसेंबर २००९ मध्ये बेपत्ता झाली, आजवर सापडलेली नाही. तिने २००८ मध्येच स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं. नवऱ्यावर विश्वास नाही, आणि आपण मेलो तर तो अपघात दिसला तरी अपघात नसू शकेल, असं त्यात होतं. घरातल्या सामानाचा व्हिडिओही तिने करून ठेवला होता. नवऱ्याचं म्हणणं, त्या रात्री तो ४ आणि २ वर्षांच्या मुलांना घेऊन कॅम्पिंगला गेला होता. मध्यरात्री, बर्फात! तरी त्याच्यावर आरोपपत्र आलंच नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याने दोन्ही मुलांना मारून आत्महत्या केली.

त्या मुलांचा विचार आला की अजूनही गलबलतं. म्हणून अशा तपासात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबाबांइतकंच लॉकर, ईमेल, ऑफिसातल्या मैत्रिणीकडे ठेवायला दिलेलं पाकीट, हे पहिल्या काही दिवसांतच शोधायला हवं.