आईच्या हातांना लेसर की फिलर?

ताई, आईच्या हातावरच्या शिरा लेसरने जातील का, असं तुम्ही विचारलंत. लेसर किंवा पील (त्वचेचा वरचा थर काढणारं रासायनिक द्रावण) डागांसाठी. कातडीखालची चरबी झडून शिरा उठून दिसत असतील तर फिलर, म्हणजे कातडीखाली भर घालणारं इंजेक्शन, लागतं. कॅल्शियमच्या रेडिएस या फिलरला अमेरिकेत २०१५ मध्ये हातांसाठी मान्यता मिळाली. पण हायलुरोनिक ॲसिड या दुसऱ्या पदार्थाचं फिलर नंतर नको वाटलं तर इंजेक्शनने विरघळवता येतं, कॅल्शियमचं नाही. कोणतं फिलर देणार, डॉक्टरांना आधी हेच विचारा.

माझ्या मावशीने दिंडोरीत द्राक्षाची विरळणी करण्यात आयुष्य घालवलं. पंजाभर तपकिरी ठिपके, आणि बाहीखालचा दंड अजून नितळ! आपणही नाशिकच्या गंगापूर रोडला स्कूटरवर तोंडाला स्कार्फ बांधतो, हात उघडेच. सनस्क्रीन हातांनाही लावा, धुतले की पुन्हा. आणि सुई त्वचारोगतज्ज्ञाकडूनच, पार्लरमध्ये अजिबात नको.