रिपोर्टेड स्पीच : ‘सगळं एक पाऊल मागे’ शिकवणं थांबवा

मांडवीकाठ (धागाकर्ता)

दहावीच्या तोंडावर गोव्यातल्या पालकांच्या गटांतून एक संदेश फिरतोय. गोषवारा असा : रिपोर्टेड स्पीचला (दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगण्याला) तीनच नियम. अवतरणचिन्हं काढा, ‘दॅट’ घाला, क्रियापद एक पाऊल मागे न्या (‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’). सर्वनामांसाठी ‘एस-ओ-एन, एक-दोन-तीन’ (पहिला पुरुष सब्जेक्टप्रमाणे, दुसरा ऑब्जेक्टप्रमाणे, तिसऱ्याला नो चेंज). खाली ‘नाऊ’चं ‘देन’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ असा तक्ता, आणि शेवटी ‘एवढं पाठ केलं की एकही मार्क जाणार नाही’.

हे वाचून गप्प बसवत नाही. मार्क तर जातीलच, शिवाय जी खोड लागेल ती पुढे कॉलेजातही सुटणार नाही.

एक साधं वाक्य घ्या. ‘ही सेड टू मी, “व्हेअर आर यू गोइंग?”’ तिन्ही नियम इमानेइतबारे लावले की पोर लिहितं, ‘ही टोल्ड मी दॅट व्हेअर वॉज आय गोइंग’. सर्वनाम बरोबर, काळ बरोबर, तरी तीन चुका. प्रश्न आहे, म्हणून ‘टोल्ड’ नाही, ‘आस्क्ड’ हवं. ‘व्हेअर’ स्वतःच जोडण्याचं काम करतं, त्याच्या आधी ‘दॅट’ बसत नाही. आणि ‘वॉज आय’ हा क्रम थेट प्रश्नाचा. आता ते विधानाच्या पोटात गेलं, म्हणून ‘आय वॉज’. बरोबर वाक्य : ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’. शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह नाही. या तिन्ही चुकांबद्दल त्या संदेशात एक अक्षर नाही.

आता ‘एक पाऊल मागे’. सकाळी धक्क्यावर कोणी सांगितलं, ‘द फेरी लीव्ह्ज ॲट सिक्स’. पाच वाजता तुम्ही ते घरी सांगताय. फेरी अजून सुटायची आहे, वेळ बदललेली नाही. ‘ही सेड द फेरी लीव्ह्ज ॲट सिक्स’ अगदी शुद्ध इंग्रजी आहे. ‘लेफ्ट’ही चालतं, पण ऐकणाऱ्याला वाटू शकतं की फेरी निघून गेली. आज सकाळचं ‘टुमॉरो’ आज संध्याकाळी सांगताना ‘टुमॉरो’च राहतं; बऱ्याच दिवसांनी सांगितलं तरच ‘द नेक्स्ट डे’. आधी बघायचं ते बोलणारा कुठे उभा होता आणि सांगणारा कुठे उभा आहे. तक्ता त्यानंतर.

शिवाय ‘वुड, कुड, शुड, माइट, ऑट टू, यूज्ड टू, हॅड बेटर’ मागे जातच नाहीत. ‘आय विश आय न्यू’ मधलं ‘न्यू’ हलत नाही. ‘मस्ट’ सक्तीचं असेल तर ‘हॅड टू’ होतं. अंदाजाचं असेल (‘शी मस्ट बी टायर्ड’) तर जसंच्या तसं राहतं. साध्या भूतकाळाचं दर वेळी ‘हॅड’ करायची गरज नाही : ‘ही सेड ही वॉज बॉर्न इन १९६१’. इथे ‘हॅड बीन बॉर्न’ लिहून काहीच साधत नाही.

फोंड्याचा फळा

तुमचं व्याकरण बरोबर आहे, पण वर्गात त्याचा उपयोग नाही. पेपरात सुटं वाक्य येतं. कोण कुठे उभा होता, फेरी सुटली की नाही, हे त्यात नसतं. रिपोर्टिंग क्रियापद (‘सेड’, ‘आस्क्ड’ असलं) भूतकाळात असेल तर तपासणारा काळ मागे गेलेला शोधतो. ‘लीव्ह्ज’ ठेवलं तर एखादा मार्क देईल, दुसरा कापेल. ‘लेफ्ट’ लिहिलं तर कोणीही कापणार नाही. मुलांना सुरक्षित उत्तर द्यायचं की फेरीचं वेळापत्रक समजावत बसायचं?

आणि तक्त्याला शिव्या कशाला? दोष क्रमाचा आहे. आधी वाक्य कसलं ते ठरवायचं : विधान, प्रश्न, आज्ञा की उद्गार. मग रिपोर्टिंग क्रियापद, मग जोडशब्द, मग सर्वनाम, मग काळ, शेवटी काळवेळेचे शब्द. त्या संदेशानं पहिल्या तीन पायऱ्या गाळल्या, म्हणून तुमचं ते ‘दॅट व्हेअर’ तयार झालं. सहाही पायऱ्या घेतल्या तर ते होत नाही.

मांडवीकाठ

‘रिपोर्टिंग क्रियापद भूतकाळात असेल तर’ ही अट तुम्ही घातलीत, संदेशानं घातली नाही. ‘ही सेज, “आय ॲम टायर्ड”’ याचं ‘ही सेज दॅट ही वॉज टायर्ड’ करणारी मुलं त्या संदेशाला तंतोतंत पाळतायत. आणि परीक्षेला सुरक्षित म्हणून अर्धंच शिकवायचं, हे मला मान्य नाही.

सासष्टीची बाय

तुम्ही दोघंही इंग्रजीकडून बघताय. चूक मराठीतून येते, तिथेच पकडायला हवी.

‘त्यानं सांगितलं की तो दमलाय.’ ‘त्यानं विचारलं की तू कुठे चाललास.’ मराठीत दोन्हीकडे ‘की’ चालतो. मुलाच्या डोक्यात ‘की’ म्हणजे ‘दॅट’, म्हणून ते प्रश्नातही ‘दॅट’ घालणारच. पायऱ्या सहा करा नाहीतर दहा.

पण मराठीत दुसरी रचनाही आहे. ‘मी कुठे चाललोय ते त्यानं विचारलं.’ बघा, ‘की’ गेला. ‘तू’चा ‘मी’ आपोआप झाला. ‘मी कुठे चाललोय’ हा क्रमही इंग्रजीत हवा तसाच, कर्ता आधी. मुलाकडून आधी हे वाक्य करून घ्या, मग इंग्रजी. ‘तो येणार की नाही ते विचारलं’, ‘तो येणार का ते विचारलं’ : इथे ‘की नाही’ आणि ‘का’ यांच्या जागी ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’.

हा ‘ते’ नाउन क्लॉज (नामाचं काम करणारं पोटवाक्य) ओळखायलाही उपयोगी पडतो. ‘तो कधी येईल ते मला माहीत नाही’ : ‘ते’ बसलं, म्हणजे नाउन क्लॉज, म्हणजे ‘विल’ चालतं : ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’. ‘तो आला की फोन करीन’ : इथे ‘ते’ बसवून बघा, बसत नाही. हा वेळ सांगणारा क्लॉज, त्यात ‘विल’ नको : ‘आय विल कॉल यू व्हेन ही कम्स’.

फोंड्याचा फळा

‘ते’ची युक्ती चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण ती ज्याची मराठी पक्की आहे त्याच्यासाठी.

पेडण्याहून

मुळात गोव्यातलं मूल ‘की’ बोलतंच कुठे? ‘उद्या येतो म्हणून त्यानं सांगितलं’ असं बोलतं. कोंकणीतही ‘हांव फाल्यां येतां म्हण ताणें सांगलें’. बोललेलं वाक्य आधी, ‘म्हणून’ मागाहून. तो ‘की’ फारसीतून आला असं बरेच अभ्यासक मानतात, आणि आपल्या पोरांच्या चुका पुस्तकी मराठीतल्या ‘की’वरून समजावून सांगताय.

डिचोलीकर

‘म्हणून सांगितलं’ ही शुद्ध मराठी नाही. कोंकणीचा हा शिरकाव आहे, आणि गोव्यातले मराठीचे शिक्षकच तो खपवून घेतात. लेखी मराठीत ‘की’च हवा. फारसीतून आला म्हणून ‘की’ काढायचा तर ‘कागद’ आणि ‘बाजार’ही काढा!

पेडण्याहून

‘की’ काढा असं मी कुठे म्हटलं? वाचा आधी. आणि ‘म्हणून’ला परका ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ‘राम म्हणून एक मुलगा होता’ हे पुण्यातही म्हणतात, नागपुरातही. ‘येतो म्हणून गेला तो अजून आला नाही’ हे आख्ख्या महाराष्ट्रात चालतं. घाटापलीकडे कन्नडमध्ये ‘नाळे बर्तीनि अंत हेळिद’, तिथेही ‘अंत’ मागाहूनच येतो. या सगळ्या पट्ट्याची ती बोलायची रीत आहे. गोव्याच्या मराठीला ‘अशुद्ध’ म्हणण्याची ही सवय आता पुरे झाली.

डिचोलीकर

बोलीत काय चालतं आणि मुलानं पेपरात काय लिहावं यात फरक आहे, तो तुम्ही मुद्दाम पुसताय. गोव्यात मराठी टिकली ती लेखी मराठी नीट शिकवणाऱ्या शाळांमुळे. तीच सैल केली तर उरेल काय?

साळावली

भांडण ‘की’चं नाही, माध्यमाचं आहे. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, आणि पाचवीला एकदम सगळे विषय इंग्रजीत. १९९० साली अनुदान फक्त मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांना मिळेल असं ठरलं, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ते दिलं, आणि त्यावरून रस्त्यावर आंदोलनं झाली. पण पाचवीच्या उंबरठ्यावर दोन भाषांची वाक्यरचना शेजारी ठेवून शिकवा, ही मागणी दोन्ही बाजूंनी कधी रेटली नाही. फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मप्रचारक १५७९ साली गोव्यात आले, मराठीत पुराण रचलं, कोंकणीचं व्याकरण पोर्तुगीजमधून लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलं गेलं. एका भाषेतून दुसरीची घडण समजावण्याचं काम इथेच झालंय. आणि आपण तक्ते वाटतोय.

सासष्टीची बाय

माध्यमाचं दुखणं खरं आहे, पण त्यात मूळ प्रश्न बुडतोय. पेडण्याहून यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं. पुन्हा वाचल्यावर त्यातला अर्धा भाग घ्यावा लागतो. ‘की’वाल्या मुलाची चूक जोडशब्दात होते. ‘म्हणून’वालं मूल समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं उचलतं, ‘उद्या येतो’ सकट, म्हणून त्याची चूक सर्वनामात आणि काळात होते : ‘ही सेड आय विल कम टुमॉरो’. दोघांना एकच औषध चालणार नाही.

सर्वनामाची चूक तर वाक्याचा अर्थच फिरवते. ‘सरपंच म्हणाले की मी रस्ता करून देईन.’ मराठीत ‘मी’ म्हणजे सरपंच, कोणालाही शंका येत नाही. त्याचं ‘द सरपंच सेड दॅट आय विल बिल्ड द रोड’ केलं तर रस्ता बांधायचं वचन इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाच्या गळ्यात पडतं. तिथे ‘ही वुड’ हवं. ‘तो म्हणाला की मी चुकलो’ यात चुकलेला तो. ‘ही सेड आय वॉज राँग’ यात चुकलेला मी.

फोंड्याचा फळा

यासाठीच ‘एस-ओ-एन’ हवं! पहिला पुरुष कर्त्याप्रमाणे, दुसरा कर्माप्रमाणे, तिसरा आहे तसा. तुमचा सरपंच त्यानं एका झटक्यात सुटतो. पाऊण तास भाषाशास्त्र सांगून जे होत नाही ते तीन अक्षरांनी होतं.

मांडवीकाठ

सरपंच सुटतो, कबूल. पण ‘राम सेड टू श्याम, “यू हॅव लॉस्ट माय बुक”’ घ्या. ‘एस-ओ-एन’नं ‘राम टोल्ड श्याम दॅट ही हॅड लॉस्ट हिज बुक’ येतं. नियमानं बरोबर, पण हरवलं कोणी आणि पुस्तक कोणाचं, वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तिथे ‘दॅट श्याम हॅड लॉस्ट राम्स बुक’ असं नाव घालायला शिकवावं लागतं.

आणि ‘सजेस्ट’चं काय करता? ‘लेट्स टेक द बस’ याचं मुलं ‘ही सजेस्टेड मी टू टेक द बस’ करतात, कारण ‘टोल्ड मी टू’ पाठ असतं. ‘सजेस्ट’ला ते चालत नाही. ‘ही सजेस्टेड टेकिंग द बस’, नाहीतर ‘ही सजेस्टेड दॅट वी टेक द बस’. कर्ता ‘शी’ असला तरी ‘टेक’च : ‘सजेस्टेड दॅट शी टेक’. तुमचा तक्ता तिथे ‘टुक’ करून ठेवतो. ‘एक्स्प्लेन’चंही तसंच, ‘एक्स्प्लेन्ड मी दॅट’ नाही, ‘एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’.

पेडण्याहून

सासष्टीची बाय, अर्धा घेतलात, आसूं दी. त्यात एक जोडतो, यात ‘की’ही नाही आणि ‘म्हणून’ही नाही. ‘मांडवीचा पूल बंद झाल्याची बातमी’ आणि ‘त्यानं आणलेली बातमी’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘दॅट’ : ‘द न्यूज दॅट द ब्रिज इज क्लोज्ड’, ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट’. मुलं दोन्हींना एकच नाव देतात. मराठीत ‘झाल्याची’ झालं की नाउन क्लॉज, ‘आणलेली’ झालं की रिलेटिव्ह (नामाचं वर्णन करणारं पोटवाक्य). पडताळा म्हणून ‘दॅट’च्या जागी ‘विच’ ठेवून बघायचं. दुसऱ्यात बसतं, पहिल्यात बसत नाही.

डिचोलीकर

हे उदाहरण चोख आहे. ‘म्हणून’बद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

फोंड्याचा फळा

तक्ता मी फळ्यावरून पुसणार नाही. पण त्याच्या वर दोन ओळी वाढवतो : ‘आधी मराठीत “ते” लावून वाक्य करा’ आणि ‘रिपोर्टिंग क्रियापद वर्तमानात असेल तर खालच्या तक्त्याला हात लावू नका’. ‘सजेस्ट’ आणि ‘एक्स्प्लेन’ बाजूला वेगळ्या चौकटीत. फेरीचं उदाहरण घेणार नाही. सुट्या वाक्यात काळ मागेच न्यायचा, हे माझं कायम आहे.

सासष्टीची बाय

मग त्या चौकटीत ‘व्हेदर’ही घाला. ‘इफ’ सगळीकडे चालत नाही : ‘इट डिपेंड्स ऑन व्हेदर ही कम्स’, ‘आय डोन्ट नो व्हेदर टू गो’, आणि वाक्याच्या सुरुवातीला ‘व्हेदर ही विल कम इज नॉट नोन’. या तिन्ही ठिकाणी ‘इफ’ लिहिलं तर चूकच.