पन्नाशीत नोकरी गेलेल्याला 'गावी बाग आहे ना' म्हणू नका

लोटेकर, खेड: खेडजवळच्या लोटे एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याने गेल्या वर्षी आमच्या ओळखीतले तिघे घरी बसवले. सगळे पन्नाशीच्या आसपासचे केमिस्ट. कागदोपत्री कोणालाच काढलं नाही. केबिनमध्ये बसवून 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा लिहून घेतला. त्यांतला एक आता मेव्हण्याच्या चिरेखाणीवर गाड्यांचा हिशेब लिहितो. सरकारी पाहणीत आठवड्यात तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात, त्यामुळे त्याचे हाल कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत. स्वतःचा धंदा काढायला सरकारी योजना बघावी तर वयाची धास्ती. त्यावर नातेवाईक म्हणतात, गावी आंब्याची बाग आहे ना! डोकं फिरतं ऐकून.

बागायतदारीण, देवगड: मला नाही पटत. खाणीवर हिशेब लिहिणं हलकं काम कसं? धंद्यासाठी कर्ज-अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएमईजीपी योजनेला वयाची वरची अटच नाही, तिकडे अर्ज करा. आमच्याकडे आंब्याच्या कॅनिंगला पल्पचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, नीट बघणारा माणूस शोधूनही मिळत नाही. शिकलेले लोक मुंबई-पुणे नाहीतर एमआयडीसी एवढंच बघतात.

लोटेकर, खेड: ताई, कॅनिंग दोन महिने चालतं, पोराच्या इंजिनिअरिंगची फी आणि घराचा हप्ता थांबत नाही. बाग म्हणाल तर सातबाऱ्यावर चुलत्यांसकट सगळ्यांची नावं. कर्ज काढायचं तर सह्या कोणाकोणाच्या आणायच्या? थ्रिप्स किडीवरच्या फवारण्यांचा खर्च तुम्हाला मी सांगायला नको.

बागायतदारीण, देवगड: खर्चाचं खरं आहे. तरीही दोन-दोन वर्षं फक्त जुन्या पगाराची वाट बघणारे मी पाहिलेत. त्यात घर खचतं.

वकील, रत्नागिरी: बागेवरून भांडताय, पण घाव त्या राजीनाम्याने घातलाय. कामगाराची कपात केली तर दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. राजीनामा दिला की तो हक्क गेला. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यात महिना 18,000 च्या वर पगार घेणारा सुपरवायझर कामगार धरत नाहीत, मॅनेजर तर नाहीच. मात्र कोर्ट हुद्दा नाही, काम बघतं. नाव डेप्युटी मॅनेजर आणि दिवसभर लॅबमध्ये नमुने तपासत असाल तर दावा उभा राहू शकतो.

चिपळूणची एक: माझ्या मिस्टरांचं अगदी हेच झालं. लॅबमध्येच होते. आठ महिने उलटले, आता काही होईल का?

वकील, रत्नागिरी: आठ महिन्यांत मुदत जात नाही. पण सही दबावाखाली घेतली हे दाखवावं लागेल. त्या दिवसांतले मेसेज, मेल पुसू नका आणि असाच राजीनामा लिहून घेतलेल्या बाकीच्या दोघा-तिघांना सोबत घ्या.