रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते

प्रश्न: मी शिवणकाम करते. हल्ली रोज पहाटे उजव्या हाताला मुंग्या येऊन झोपमोड होते. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झालेली असतात, करंगळी मात्र ठीक असते. हात झटकला की बरं वाटतं. पण आता सुईत दोरा ओवताना सुई चिमटीतून निसटते, त्याने जीव धास्तावलाय. काय असेल?

उत्तर १: करंगळी ठीक आहे, ही मोठी खूण आहे ताई. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी मीडियन नस दबली की नेमकी अशीच बोटं बधिर होतात. त्याला कार्पल टनेल म्हणतात. झोपेत मनगट दुमडलं की दाब वाढतो, म्हणून रात्रीच त्रास. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधा. घट्ट आवळू नका, आणि काही आठवडे नेटाने वापरा. मला त्यानेच शांत झोप लागायला लागली.

उत्तर २: शुगर, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. गरोदरपणातही हा त्रास होतो.

उत्तर ३: करंगळी बधिर होत असेल तर बहुधा कोपराशी नस दबलेली असते. तुमचं तसं नाही. पण चिमटीतून वस्तू निसटतेय, तर पट्ट्यावर भागवू नका, डॉक्टरांना लवकर दाखवा. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हाताशी ताडून बघा, सपाट वाटला तर आवर्जून सांगा. आणि एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तडक इस्पितळ गाठा.