निद्रानाश आणि स्लीप ॲप्निया दोन्ही निघालं आहे, आधी कशावर उपचार घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

वय ४८, वजन बेताचं, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. तीन वर्षांपासून रात्री दोनच्या सुमाराला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मेनोपॉज आहे, टेन्शन घेऊ नकोस, असं जो तो म्हणायचा. मीही तेच धरून चालले होते. मग एका रात्री नवरा शेजारी जागा होता. तो म्हणाला, "तुझा श्वास मध्येच थांबतो, आणि मग तू बुडता बुडता वर आल्यासारखी दचकून श्वास घेतेस." घोरणं मात्र फारसं नाही, त्यामुळे ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची, शंका मला कधी आलीच नव्हती. बायकांमध्ये हा आजार बऱ्याचदा असाच, निद्रानाश आणि थकव्याच्या रूपात समोर येतो आणि पाळी गेल्यावर त्याचं प्रमाण वाढतं, हे मला नंतर वाचून कळलं.

घरी करायची स्लीप टेस्ट केली. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. त्या चिमट्याचा लाल उजेड पांघरुणातूनही दिसत होता आणि मी त्याच्याकडे बघत पडून होते. रिपोर्टमध्ये एएचआय ११ आला, म्हणजे तासाला अकरा वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. ५ ते १५ म्हणजे 'सौम्य'.

माझी पहिली शंका इथेच आहे. रेकॉर्डिंग ७ तास ४० मिनिटांचं आणि एकूण घटना ८४. भागाकार केला की ११ येतात, बरोबर. पण त्या रात्री मी जेमतेम चार तास झोपले असेन. या यंत्रात मेंदूच्या लहरी मोजायची सोय नाही, त्यामुळे मी जागी कधी आणि झोपलेली कधी हे त्याला कळत नाही, ते सगळ्या रेकॉर्डिंगच्या वेळेनेच भागतं. ८४ भागिले ४ केलं तर २१ येतात आणि मी 'मध्यम' गटात जाते. निद्रानाश असलेल्या माणसाचा आकडा असा हमखास कमीच दिसणार ना? की माझं कुठे चुकतंय?

दुसरी अडचण उपचारांची. छातीविकारतज्ज्ञ म्हणतात सीपॅप लावा, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात आधी सीबीटी-आय, म्हणजे गोळ्यांशिवायची निद्रानाशाची थेरपी. दोघांचंही पटतं, पण दोन्हीचा मेळ बसत नाही. सीबीटी-आय सांगतं, झोप येत नसेल तर अंथरुणातून उठा. मग रात्री चार वेळा मास्क काढायचा आणि पुन्हा लावायचा का? शिवाय त्यात सुरुवातीला अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करतात. ॲप्नियामुळे आधीच दिवसा पेंग येते आणि मला रोज गाडी चालवायची असते. त्याची खरंच भीती वाटते.

हे दोन आजार एकत्र असतात हे १९७३ सालीच नोंदवलं गेलंय, हल्ली त्याला 'कोमिसा' म्हणतात. उपचारांच्या क्रमावरचे दोन अभ्यास वाचले. २०१९ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात आधी सीबीटी-आय घेतलेल्यांनी सीपॅप रोज सरासरी तासभर जास्त वापरला. २०२० च्या अमेरिकेतल्या अभ्यासात मात्र सीपॅपच्या वापरात तसा फरक पडला नाही, निद्रानाश तेवढा सुधारला. मग ठरवायचं कशावर?

ज्यांना दोन्ही आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, तुमचं गणित बरोबर आहे. मी स्लीप लॅबमध्ये काम करते. निद्रानाश जास्त असेल तर घरच्या टेस्टवर थांबू नये, लॅबमधली पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे रात्रभराची सविस्तर झोपेची तपासणी मागा. त्यात ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची नोंद असते, म्हणून खऱ्या झोपेच्या तासांनी भागता येतं. शिवाय ऑक्सिजन न उतरता नुसती झोपमोड होते, त्या घटनाही धरता येतात. आणखी एक बघा, उथळ श्वासाची घटना धरायला रिपोर्टमध्ये ऑक्सिजनची ३ टक्के घट घेतली आहे की ४ टक्के? खाली बारीक अक्षरात असतं.

प्रतिसाद २
मला दोन्ही आहे. माझ्या थेरपिस्टनी अंथरुणातला वेळ एकदम न तोडता दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटांनी कमी केला. तोपर्यंत मास्क संध्याकाळी बसल्या बसल्या, जागेपणी लावायचा सराव केला. तो नाकाला परका वाटेनासा झाला तेव्हा रात्री लावला. त्या आठवड्यांत मी गाडी चालवली नाही, तुम्हीही चालवू नका. आणि कुणी नुसती झोपेची गोळी दिलीच तर ॲप्निया असल्याचं आधी सांगा, काही गोळ्यांनी श्वास आणखी मंदावतो.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. रिपोर्ट आत्ताच पुन्हा काढला. शेवटच्या पानावर तळाशी ४ टक्के लिहिलंय. म्हणजे ३ ने मोजलं तर आकडा आणखी वर जाऊ शकतो. सोमवारी हे पान घेऊन डॉक्टरांकडे जाते आणि लॅबमधली टेस्ट मागते. झोपेची डायरी आज रात्रीपासून सुरू करते. गाडी नवरा चालवेल. ताई, तुम्ही सरावाला नाकावरचा मास्क घेतला होता की नाक-तोंड दोन्ही झाकणारा?