मदत हवी आहे: सीताफळाच्या कलमांसाठी कोकोपीट आणि विकतची लाल माती टाळून स्थानिक मिश्रण कसे करावे?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात धारूर-अंबाजोगाईच्या पट्ट्यात, बालाघाटच्या उतारावर आमची फळझाडांची परवानाधारक रोपवाटिका आहे. मुख्यतः सीताफळाची कलमे आम्ही करतो, त्यांत बाळानगर आणि धारूर-६ या वाणांना मागणी अधिक असते. त्याखेरीज थोडा केशर आंबा आणि थोडी मोसंबीही असते. पुढील हंगामापासून रोपवाटिकेचे काम शक्य तितके आपल्याच परिसरातील साधनांवर चालावे असे आम्ही घरातील सर्वांनी ठरवले आहे, आणि त्यासंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सध्या कलमांची घाई आहे. थंडीत पानगळ झालेल्या सीताफळाच्या झाडांत माघाच्या अखेरीस रस चढू लागतो, आणि नवी पालवी फुटण्यापूर्वीचे जे थोडे दिवस मिळतात, त्यांतच पाचर कलमे (खुंटाला चीर देऊन त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवणे) उरकावी लागतात. सीताफळाचा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो, त्यामुळे कलमकाडी काढताना देठ गळून डोळा उघडा पडला आहे आणि किंचित फुगला आहे, हे प्रत्येक काडीवर बोट फिरवून पाहावे लागते. हे काम हाताला सवयीचे झाले आहे. खरी चिंता त्यानंतरची आहे, कारण कलम जुळल्यावर ते मृगाच्या पावसापर्यंत पिशवीतच जगवायचे असते, आणि होळी झाली की आमच्याकडे वसंत नावालाच उरतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा पिशवीतील मिश्रण कसे आहे यावरच कलमाचे जगणे अवलंबून असते.

आजवर आम्ही बाहेरून आणलेली लाल माती, शेणखत आणि दक्षिणेकडून येणारे कोकोपीट असे मिश्रण भरत आलो आहोत. ते चांगले चालते, याबद्दल तक्रार नाही. परंतु लाल मातीचा प्रत्येक टेम्पो म्हणजे कुठल्या तरी शिवारातून कायमचा उचललेला वरचा थर असतो, आणि रोपांसोबत ती माती गावोगाव निघून जाते, हे मला मनापासून खटकते. शेकडो किलोमीटरवरून नारळाचा भुसा आणायचा आणि आपल्या बांधावर कापसाच्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुराट्या पेटवून द्यायच्या, हेही पटत नाही. आमच्या परिसरात सोयाबीनचा भुसा, पऱ्हाट्या, तुराट्या, साखर कारखान्यांचा प्रेसमड (उसाचा रस निवळताना मागे राहणारा साका), शेण आणि तलावातला गाळ हे सर्व मिळते. दिवाळीनंतर आम्ही भुसा, शेण आणि प्रेसमड यांचे थर देऊन ढीग रचला आहे आणि तो अधूनमधून पलटतो. आता त्याची उष्णता बरीच उतरली आहे, रंगही काळसर झाला आहे.

माझा मुख्य प्रश्न असा की, हे खत आणि गाळ यांपासून असे मिश्रण करता येईल का, ज्यातून पाण्याचा निचराही होईल आणि टेम्पोतून नेताना रोपाची हुंडी (मुळांभोवतीचा मातीचा गोळा) फुटणार नाही? नुसता गाळ वापरला तर तो भिजल्यावर चिकट होतो आणि वाळला की पिशवीच्या कडेपासून सुटून भेगाळतो. मग दिलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि मुळे कोरडीच राहतात. खताचे प्रमाण वाढवले तर उन्हाळ्यात मिश्रण खाली बसेल आणि कलमाची मुळे उघडी पडतील, अशी भीती वाटते.

दुसरा प्रश्न पिशव्यांचा आहे. लागवडीच्या वेळी पिशवी ब्लेडने फाडावी लागते, त्यामुळे ती परत वापरता येत नाही. गोणपाटाच्या पिशव्यांचा विचार केला होता, पण रोजच्या पाण्यात आणि वाळवीत त्या पावसाळ्यापर्यंत टिकतील असे वाटत नाही. कोणी यावर काही मार्ग काढला असल्यास कृपया सांगावे. बोअरच्या जड पाण्यामुळे केशरच्या रोपांची पानांची टोके करपतात, त्यावरही उपाय असल्यास हवा आहे.

प्रतिसाद: जालना जिल्ह्यातील रोपवाटिकाधारक

ताई, नमस्कार. आपण ज्या गाळाला घाबरता आहात तोच हुंडी बांधून ठेवील, मात्र त्याचे प्रमाण कमी हवे. कोकोपीटचे तंतू आणि मुळांचे जाळे जे काम करतात, ते येथे थोड्या चिकणमातीकडून करून घ्यावे लागते. आपल्याकडे बालाघाटचा बारीक मुरूम आहे. तो चाळून दोन भाग, चाळलेले पक्के खत दोन भाग आणि गाळ एक भाग, येथून सुरुवात करावी. गाळ ओला असताना मिसळू नये. तो उन्हात वाळवून, कुटून, चाळूनच मिसळावा, नाहीतर त्याची ढेकळे मिश्रणात तशीच राहतात आणि मुळे त्यांना वळसा घालून जातात.

खत पिकले आहे की नाही, हे रंगावरून ठरवू नये. ढिगाच्या पोटातले मूठभर खत ओले करून बंद पिशवीत चार-पाच दिवस ठेवावे. उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास आला तर ते अजून कच्चे आहे. त्यानंतर एका कुंडीत आपले मिश्रण आणि दुसऱ्या कुंडीत साधी माती घेऊन दोन्हींत मूग पेरावा. मिश्रणातील मूग उशिरा उगवला किंवा पिवळा पडला तर थांबावे, कारण अर्धवट कुजलेला भुसा पिशवीत गेल्यावर नत्र स्वतःच ओढून घेतो आणि पुढे तो कुजत जाऊन मिश्रण खाली बसते. प्रेसमड तर ताजा असताना अजिबात वापरू नये. खत मुरले की त्यात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवावे, म्हणजे रोपांची मर कमी होते.

मोसंबीसाठी मात्र हे मिश्रण सरसकट वापरू नका. मराठवाड्यातील गाळात आणि मुरमात पुष्कळदा चुनखडी असते. सीताफळ ती बऱ्यापैकी सोसते, मोसंबीला मात्र लोह मिळेनासे होऊन नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. कोरड्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पाहावे. फेस आला तर ती माती मोसंबीच्या पिशवीत नको.

प्रतिसाद: लातूरहून

पिशवीला सध्या तरी पूर्ण पर्याय मला दिसलेला नाही, पण तिचा वापर कमी करता येतो. खुंटाची रोपे (ज्यांवर पुढे कलम बांधायचे ती) सुरुवातीचे काही महिने पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या कडक रूट ट्रेनरमध्ये, म्हणजे तळ उघडा असलेल्या प्लॅस्टिकच्या खोल कप्प्यांत, वाढवावीत आणि ते जमिनीपासून उंच बांबूच्या मांडवावर ठेवावेत. तळाशी हवा लागल्याने मुळांची टोके तेथेच थांबतात, मुळांची गुंडाळी होत नाही, आणि मर झालेल्या किंवा कमकुवत रोपांवर मोठी पिशवी वाया जात नाही.

उन्हाळ्यात पिशव्या मोकळ्या मांडू नयेत. काळ्या पिशवीची पश्चिमेकडची बाजू इतकी तापते की त्या बाजूची मुळे करपतात. वीतभर खोल वाफ्यात त्या एकमेकींना चिकटवून उभ्या कराव्यात आणि कडेने माती व उसाचे पाचट लावावे. पाणीही कमी लागते.

पाण्याचे म्हणाल तर आंब्याला क्षार अजिबात सोसत नाहीत. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या पत्र्याच्या शेडवर ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर गळती-बाष्पीभवन धरण्यापूर्वी ७०,००० लिटर होते. ते झाकलेल्या टाकीत साठवून फक्त केशरसाठी राखून ठेवावे आणि सीताफळाला बोअरचेच पाणी द्यावे.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. मूग आजच पेरते आहे, आणि या वर्षीच्या कलमांपैकी एकाच वाफ्यात नवे मिश्रण वापरून बाकी जुन्या पद्धतीने ठेवणार आहे. जालन्याच्या दादांना एक विचारायचे राहिले: पऱ्हाट्या आणि तुराट्या खड्ड्यात अर्धवट जाळून केलेला कोळसा आपण मिश्रणात घालता का? घालत असल्यास तो आधी शेणकाल्यात किंवा खतात मुरवता की तसाच कुटून वापरता, आणि त्याची राख आधीच चुनखडीयुक्त असलेल्या आमच्या मुरमात आणखी भर घालील का? पुढच्या ढिगासाठी पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या आहेत, म्हणून आपल्या उत्तराची वाट पाहते.